सदर बोअर दुपारी रडते

माझ्या नेमणुकीच्या पत्रात ‘शास्त्रज्ञ फेलो’ असा शब्द होता. परभणीच्या कचेरीत पहिले पंधरा दिवस त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. हेडक्लार्कनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे तुमी कायम हाव का रोजंदारीवर?”

मी म्हटलं, “दोन्ही नाही.”

“मंग खुर्ची कोणत्या खात्यातून द्यायची?”

खुर्ची मिळेपर्यंत मी खिडकीत बसून काम केलं.

ती शिष्यवृत्ती अशी होती : एका परदेशी सरकारच्या मदतीनं जिल्ह्यातल्या गावांना पिण्याच्या पाण्याचे हातपंप बसवायची योजना चालू होती. नुसते पंप आणि मशिनं देऊन भागत नाही, कचेरीत शास्त्र जाणणारं माणूसही पाहिजे, असं मदत देणाऱ्यांचं म्हणणं होतं. म्हणून प्रयोगशाळांतून तरुण शास्त्रज्ञ आणि इंजिनियर निवडून दोन वर्षांसाठी सरकारी खात्यात बसवले जात. ज्याचं काम चांगलं ठरेल त्याला पुढचं एक वर्ष त्या देशात अभ्यासाला नेणार होते. मी सव्वीस वर्षांचा होतो. पुण्यात भूशास्त्र शिकलो होतो आणि काळा दगड बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखालीच पाहिला होता. ते परदेशातलं वर्ष मला हवं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं काम बाहेरच्या माणसाला जादूसारखं वाटे, पण ते साधं होतं. जमिनीत एका रेषेत चार लोखंडी सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांवर यंत्रानं मोजायचं, की खालचा दगड तिला किती अडवतो. घट्ट कोरडा दगड फार अडवतो, भिजलेला कमी अडवतो. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की खोल खोलचं कळत जातं. मग कागदावर आलेख काढायचा आणि जिथं पाणी असावंसं वाटेल तिथं एक दगड ठेवून त्यावर पांढऱ्या रंगानं क्रमांक घालायचा. पुढं बोअरची गाडी येते. गाडीवाल्यांना आलेख कळत नाही. ते दगड बघतात आणि दगड काढून तिथंच भोक पाडतात. सगळा कारभार त्या दगडावर चाले.

लोकांचा विश्वास मात्र पाणाड्यावर. पोखर्णीच्या अलीकडच्या एका वाडीत मी सळया ठोकत असताना तळहातावर नारळ आडवा धरून एक म्हातारा माझ्या मागं मागं चालत होता. मी दगड ठेवला तिथंच त्याचा नारळ उभा राहिला. गाव खूश. म्हातारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “साहेब, तुमचं यंत्र चांगलं हाय. माझ्या नारळासारखंच सांगायलंय.” तिथं पाणीही चांगलं लागलं. त्याचं श्रेय त्यालाच मिळालं आणि जेवण मला.

अशा गोष्टी लिहायच्या तर भरपूर आहेत. पण मी आता सत्तरीत आहे आणि एका गावाबद्दल लिहायचं इतकी वर्षं टाळत आलो आहे. ते पालमच्या पुढं होतं. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना ते कळेल.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन काही वर्षं झाली होती, पण नाव बदललं नव्हतं आणि गावागावांत माणसं एकमेकांशी जपून बोलत. या गावातल्या बौद्ध वस्तीत दोन जळक्या भिंती तशाच उभ्या होत्या. त्यांवर वेल चढला होता. त्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायका घागरी खाली ठेवून बाजूला उभ्या राहत आणि गावातलं कुणी तरी येऊन वरून पाणी ओतण्याची वाट बघत. कधी घटकाभरात कुणी येई, कधी दुपार होई. योजनेचा नियम स्पष्ट होता : जिथं पाणी नाही त्या वस्तीत पहिला हातपंप.

मी वस्तीत दोन दिवस सळया ठोकल्या. दोन ठिकाणं निघाली. वस्तीतल्या मोठ्या चिंचेच्या झाडाच्या उत्तरेला जे होतं त्याचा आलेख इतका सुरेख होता की तो मी ख्वाजाभाईंनासुद्धा दाखवला. ख्वाजाभाई म्हणजे आमचे जीपचे ड्रायव्हर. त्यांनी कागद आडवा धरून पाहिला आणि म्हणाले, “साब, ये तो नागिन दिख रही है.” दुसरं ठिकाण तिथून साठ पावलं दूर, रस्त्याच्या कडेला. तिथं खाली भोकाभोकांच्या काळ्या दगडाचा जाड थर होता, जळक्या विटेसारखा, पण कोरडा. तिथं पाणी लागणार नाही, हे मला आलेखावरून दिसत होतं. मी चिंचेजवळ दगड ठेवला आणि त्यावर क्रमांक घातला.

संध्याकाळी सरपंचांनी चहाला बोलावलं. त्यांना सगळे आबा म्हणत. मोठे मृदू बोलणारे गृहस्थ.

“साहेब, तिथं पाणी लागणार म्हणायलेत.”

“लागेल असं वाटतं.”

“लागू द्या की. आमाला काय. पण माझी मळ्यातली विहीर तिथून जवळ हाय. आन ह्या दिसांत वस्तीत मशीन आधी गेली तर पोरं गप बसायची न्हाईत. मी कोणाकोणाला धरू? तुमी शिकलेले हाव. गाव शांत ऱ्हावं असं तुमालाबी वाटत आसंलच.”

एवढंच. धमकी नव्हती. परभणीला साहेबांना सांगितलं तर ते फायलीतून मान वर न करता म्हणाले, “नियम मोडू नका आणि भानगडही नको.”

नियम मोडायचा नाही आणि भानगड नको. मी त्यावर रात्रभर विचार केला, आणि जे सुचलं त्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. मला कुणीही तसं करायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीतले सगळे कामाला गेलेले असताना मी ख्वाजाभाईंना पालमला डिझेल आणायला पाठवलं, चिंचेजवळचा दगड उचलला आणि साठ पावलं चालून रस्त्याच्या कडेला ठेवला.

बोअरची गाडी आली. ती वस्तीत आली, म्हणजे नियम पाळला गेला. बायापोरं, म्हातारे भोवती जमले. भोकातून आधी राखाडी धूळ आली, मग तांबडी, मग काळी. शेवटपर्यंत धूळच आली. गाडीवाल्यांनी आणखी खोल जाऊन पाहिलं आणि यंत्र बंद केलं. एक बाई घागर घेऊन आली होती. तिनं ती पालथी करून काखेत घेतली आणि गेली. तिचं नाव गयाबाई, हे मला नंतर कळलं.

पुढचा पंप देवळासमोर बसला. मी नोंदवहीत चिंचेजवळच्या जागेचा सुरेख आलेख चिकटवला आणि त्यापुढं लिहिलं : ‘विंधन विहीर कोरडी. अयशस्वी.’ त्या एका ओळीनं किती नासाडी केली ते मला उशिरा समजलं. अयशस्वी वस्तीत दुसरी बोअर घ्यायची नाही, असा नियम होता. शिवाय माझ्या नंतरच्या लोकांनी तो आलेख पाहिला आणि या भागात असा आलेख फसवतो असा निष्कर्ष काढला. शेजारच्या गावांतल्या किती चांगल्या जागा त्यापायी सोडल्या गेल्या असतील, मला माहीत नाही.

पाहणीला आलेल्या परदेशी तज्ज्ञांनी मात्र ती नोंद वाचून माझी पाठ थोपटली. बाकीचे फेलो नुसतं यश लिहितात, या माणसानं अपयश प्रामाणिकपणे नोंदवलं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. परदेशातलं वर्ष मला मिळालं ते त्यामुळं.

निघायला काही महिने असताना, उन्हाळ्यात, त्याच गावच्या ग्रामपंचायतीचा, वस्तीतल्या कोरड्या बोअरबद्दल अर्ज आला. ‘सदर बोअर दुपारी रडते. लहान मुले व बायामाणसे भयभीत झाली आहेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ कचेरीत दिवसभर हसाहशी झाली. साहेबांनी त्यावर शेरा मारून अर्ज माझ्याकडं पाठवला : फेलोंनी शास्त्रीय अहवाल सादर करावा.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. ऊन इतकं की चिंचेची सावलीसुद्धा गरम. बोअरचा पाइप जमिनीतून हातभर वर आलेला होता आणि त्यावर लोखंडी टोपण बसवलं होतं. टोपणाला बोट जाईल एवढं भोक होतं. पाइपाजवळ एक बाई उकिडवी बसली होती, डोक्यावर पदर, तोंड पाइपाकडं. मी जवळ गेलो आणि मला ते ऐकू आलं.

तो वाऱ्याचा आवाज वाटत नव्हता. वारा नव्हताच, झाडाचं पान हलत नव्हतं. कुणी तरी दात दाबून हळूहळू श्वास सोडत असावं, मध्येच हुंदका अडकावा, पुन्हा सोडावा, तसं ते चाललं होतं. मी टोपणावर हात धरला. भोकातून गार, ओलसर हवा येत होती. त्या जळत्या दुपारी तिला भिजल्या मातीचा वास होता.

ख्वाजाभाई जीपमधून उतरले नाहीत. “साब, दूर से देखो. ये जगा का कुछ बराबर नई है.”

बसलेली बाई म्हणजे गयाबाई. मी विचारलं, “बाई, इथं का बसलात?”

“सुनंदा हाय आत.”

सुनंदा तिची सून. तिची हकीकत मला वस्तीतल्याच एका माणसानं बाजूला नेऊन सांगितली. गावच्या विहिरीवर उभं राहून राहून कंटाळली म्हणून चैत्रात ती दुपारी पलीकडच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेली. पायऱ्या दगडात खोदलेल्या, शेवाळलेल्या. घागर तरंगताना दिसली, तेव्हा माणसं धावली. चार महिन्यांचं लेकरू मागं राहिलं. ती गेली त्या आठवड्यापासून बोअर रडायला लागली.

मी तिथं तीन दिवस काढले. सोबत हवेचा दाब मोजायचं यंत्र नेलं होतं. भोकाजवळ उदबत्ती धरायची आणि धूर कुठं जातो ते घड्याळ बघून लिहायचं. सकाळी दहानंतर धूर बाहेर ढकलला जाई, चारपर्यंत. मग घटकाभर सरळ वर जाई. मग संध्याकाळभर भोक धूर आत ओढून घेई. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. खालच्या सच्छिद्र कोरड्या दगडात हवेचा मोठा साठा असला, की बाहेरचा दाब उतरताना ती हवा वर येते आणि चढताना आत जाते. अशा बोअरी श्वास घेतात हे पुस्तकात वाचलेलं होतं. उन्हाळ्यात तो दाब जास्त खालीवर होतो, म्हणून आवाज तेव्हाच उठला. आकडे तंतोतंत जुळत होते.

मी जिथं जिथं हलायचो तिथं तिथं गयाबाईची नजर माझ्यावर असे. उदबत्ती विझली की पुढं होऊन काडी ओढून द्यायची आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी प्यायला उठून गेली. मी एकटाच होतो. का ते सांगता येत नाही, पण मी पाइपापाशी गुडघे टेकले, वाकलो आणि भोकाला तोंड लावून म्हणालो, “दगड मी हलवला.”

आवाज थांबला.

हळूहळू कमी झाला नाही, थांबला. मी उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला. दाबाचं यंत्र बघितलं. दाब उतरतच होता, म्हणजे हवा बाहेर यायलाच हवी होती. मी किती वेळ तसा बसलो कुणास ठाऊक. मग भोकातून एक लांब श्वास बाहेर आला आणि पहिल्यासारखं सुरू झालं. त्या दिवसाच्या वहीत लिहिलेलं आहे : ‘दुपारी दीड. प्रवाह बंद. कारण’ आणि पुढं जागा कोरी. अहवालात ती नोंद मी घेतली नाही.

शाळेच्या ओसरीवर गाव बोलावून मी सगळं समजावून सांगितलं. फुगा दाबून दाखवला. आबा म्हणाले, “ऐकलं का सगळ्यांनी? शास्त्रज्ञ सांगायलेत. हवा हाय, भूतबीत काय न्हाई.” लोक हसले. मागून गयाबाई उभी राहिली.

“साहेब, खाली पोकळी हाय, कोरडा दगड हाय, समदं समजलं. ते तुमच्या यंत्राला आधी दिसलं नव्हतं का?”

“दिसतं कधी कधी.”

“मंग तितंच मशीन कामून लावली?”

सगळे माझ्याकडं बघत होते. आबा टोपीला हात लावून दुसरीकडं बघत होते. मी म्हटलं, “यंत्र चुकतं, बाई.” तेव्हा यंत्राचा काही दोष नव्हता. दगड उचलून नेणं हे एक खोटं आणि हे दुसरं. दुसरं मला जास्त छळतं, कारण पहिल्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं.

मी परदेशात गेलो. परत आलो, मोठ्या पदांवर काम केलं, नव्या फेलोंना प्रशिक्षण दिलं. अपयशाची नोंद कशी ठेवावी, या विषयावर मी व्याख्यान देत असे. दुपारी जेवणानंतर खोलीत कुणी झोपून लांब श्वास सोडत असलं, की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. त्याचं कारण घरातल्यांना सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी पत्नी वारली आणि मी एकटाच एसटीनं पालमला गेलो. पुढं रिक्षा केली. वस्ती ओळखू येईना. पक्की घरं, सिमेंटचे रस्ते. जळक्या भिंती नव्हत्या. पाइप होता. टोपण गंजून गेलं होतं. समोरच्या घराच्या ओट्यावर गयाबाई बसली होती, पार वाळून गेलेली, पण डोळे शाबूत. तिनं मला पाहिलं आणि घरात हाक दिली, “खुर्ची आणा. बोअरवाले साहेब आलेत.”

नातू खुर्ची घेऊन आला. तेच ते चार महिन्यांचं लेकरू. आता त्याच्या कानशिलावर केस पिकले होते. मी बसलो आणि एका दमात सांगितलं. चिंचेजवळचा दगड, साठ पावलं, आबांचा चहा, सगळं. शेवटी म्हटलं, “मी तसं केलं नसतं तर सुनंदा त्या विहिरीवर गेली नसती.”

नातू उभाच राहिला. गयाबाई म्हणाली, “लय उशीर केलाव.”

“हो.”

“मी बघितलं व्हतं. कुंपणाआड शेण्या थापायलते. तुमी दगड पोटाशी धरून नेलाव, लेकरू न्यावं तसं.”

मी विचारलं, “मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“कोनाला बोलू? आबाला का तुमाला? तुमी म्हणला असताव, यंत्र चुकलं. म्हणलावच की.” ती थोडी हसली. “नळीतून वारं येतं हे मला समजत नव्हतं व्हय? मी येडी न्हवते. तुमी आलाव की जाऊन बसायचे. सुनंदा आत हाय, असं म्हणायचे. वाटायचं, ह्यो मानूस कवातरी बोलंल.”

नातवानं विचारलं, “आजी, मला का नाही सांगितलंस कधी?”

“तू काय केलं असतंस? कोर्टकचेरी. त्यांनी स्वतः येऊन सांगायचं व्हतं.”

मी उठायला लागलो तशी तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

“एक इचारते. त्या दिशी तुमी नळीला तोंड लावलंव. मी घरात पाणी प्यायलते. तवा आवाज थांबला व्हता. मला हितं घरात बी समजलं. ते कशानं थांबलं?”

“मला माहीत नाही, बाई.”

“बरं.” तिनं हात सोडला. “मलाबी न्हाई. ते ऱ्हाऊ द्या. पर कागदावर आमच्या जमिनीत पाणी न्हाई, असं तुमी लिवून ठिवलंव. जो साहेब येतो तो तेच वाचून परत जातो. आता नळाला आठ दिसांनी पाणी येतं. तेवढं खोडा.”

परभणीला कचेरीत गेलो. तरुण, सभ्य माणसं होती, चहा दिला. जुनी नोंदवही सापडली, माझं अक्षर सापडलं. त्यांनी सांगितलं की निवृत्त माणसाला चाळीस वर्षांपूर्वीची नोंद बदलायची तरतूद नाही. अर्ज देऊन ठेवा. मी तो दिला. उत्तर आलेलं नाही, म्हणून हे इथं छापतो.

त्या वस्तीत चिंचेजवळ कधीच खोदाई झाली नाही. तिथला आलेख फसवा नव्हता, फसवलं मी. चिंच आता नाही, पण तिचा बुंधा समाजमंदिराच्या मागं अजून आहे. बुंध्यापासून उत्तरेला मोठ्या माणसाची सतरा पावलं चालावं. तिथं आता सिमेंटचा रस्ता आहे. त्याच्या खाली पाणी आहे. तेव्हाही होतं.